स्टेपनी नाही म्हणून दीड लाखाचे टायर घालू का?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा गाडीची गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा आकडे बघत. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. शिरोलीत तुमचं मशीन शॉप आहे, दोन वर्षांपूर्वी तुम्ही सेकंडहॅन्ड बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली, दोन सीटची, छत उघडणारी. गेल्या महिन्यात रत्नागिरीहून येताना आंबा घाटात रात्री साडेनऊला मागचा डावा टायर बसला. डिकी उघडून बघता तर स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही, काहीच नाही. लाजेकाजेस्तव तशीच दोन किलोमीटर ओढत आंब्यापर्यंत आणली, लॉजला १,८०० दिले आणि सकाळी फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याला, ९,५००. टायरमधून निघाली काय, तर लेथची बर, म्हणजे धातूचा कीस! दिवसभर जी बर आपणच पाडतो तीच रात्री घाटात आपल्या टायरात निघते, याला काय म्हणायचं.

आता टायरवाल्यानं कोटेशन दिलंय चारही रन-फ्लॅट टायरचं, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरचं, १,५२,०००. तुमचा प्रश्न असा की एवढे घालायचे का, आणि घालायचे तर पैसे कुठनं, कार्डावर नो कॉस्ट ईएमआय, शॉपचं सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी बँकेनं दिलेल्या उधारीचं) खातं, का एफडी मोडायची.

माझं उत्तर आधीच सांगतो म्हणजे खाली शोधत बसायला नको. चार टायर नकोत, दोन घ्या. रन-फ्लॅट नकोत, साधे घ्या. ईएमआय, सीसी, एफडी तिन्हीला हात लावू नका.

आता का ते बघू. या गाड्यांना कंपनी स्टेपनी देत नाही यात काही गौडबंगाल नाही. वजन आणि जागा वाचते, आणि मुळात तुमच्या गाडीत पुढचे टायर २२५/४० आणि मागचे २५५/३५, म्हणजे एक स्टेपनी चारही चाकांना चालतच नाही. त्याबदल्यात कंपनी रन-फ्लॅट घालते, ज्याची बाजूची भिंत जाड असते, हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. तुमच्या आधीच्या मालकानं काय केलं, रन-फ्लॅट झिजल्यावर साधे टायर घातले, जे बरेच लोक करतात, मऊ चालते गाडी, पण मग त्यासोबत किट ठेवायचं असतं ते ठेवलं नाही. किट म्हणजे सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमात बदल करून साडेतीन टनापर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती काढली, तेव्हाही अट हीच घातली की ट्यूबलेस टायर पाहिजेत, दुरुस्तीचं किट पाहिजे आणि हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम पाहिजे. म्हणजे तुमच्या गाडीत कमी होतं ते सहा हजाराचं किट, आणि कोटेशन हातात आलं दीड लाखाचं.

रन-फ्लॅटचा हिशोब करू. तुमच्याच कोटेशनमध्ये साध्या चार टायरचा भाव ९२,००० आहे, म्हणजे फरक ६०,०००. तुम्ही वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालवता, तेव्हा टायर झिजायच्या आधी म्हातारे होणार, पाच वर्षं धरू. वर्षाला १२,००० जास्तीचे, फक्त पंक्चरच्या भीतीपोटी. दोन वर्षांत तुम्हाला एकदाच फटका बसला, ११,३०० चा. आणि त्यातलेही बरेचसे वाचले असते, कारण मागच्या रिन्यूअलला ६५० रुपये वाचवायला तुम्ही रोडसाइड असिस्टन्स काढून टाकला होता, हे तुम्हीच शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय 😀

दुसरं म्हणजे तुम्ही पाठवलेले फोटो. टायरच्या भिंतीवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागच्या दोन्हींवर ३६१८ आहे, म्हणजे २०१८ चा छत्तिसावा आठवडा, आणि नक्षी उरलीय २ मिलिमीटर. कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे, पण वळीव सुरू झाल्यावर अणुस्कुऱ्याला नाहीतर गगनबावड्याला दोन मिलिमीटरवर इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी दमदार गाडी न्यायची म्हणजे कायदा नाही, नशीब बघायला जायचं. पुढच्या दोन्हींवर १४२२ आणि नक्षी ५. त्यांना काय धाड भरलीय? राहू द्या की.

डावा टायर तर गेलाच. पंक्चरवाल्यानं मशरूम पॅच मारून देतो म्हटलं म्हणता, पण तुमच्या तिसऱ्या फोटोत टायर रिमवरून उतरवलेला आहे आणि आतल्या बाजूला काळी भुकटी साठलेली दिसते, भिंतीला गोल पट्टा घासलेला. ते दोन किलोमीटर हवा नसताना चालवल्याचं. पॅच नक्षीच्या भोकाला चालतो, आतून चिरडलेल्या भिंतीला चालत नाही. आणि एका ॲक्सलवर एक नवा एक जुना नको म्हणून उजवाही बदलायचा. दोन साधे, कंपनीनं सांगितलेल्याच साइजचे, लोड आणि स्पीड रेटिंग तेच, ५२,०००. पुढचे साधे असल्यामुळे मागे रन-फ्लॅट घालून खिचडी करायची नाही. आणि हो, कोटेशनवर जीएसटी किती लावलाय बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर २८ चा १८ टक्के झालाय.

तुमच्या भाच्यानं सुचवलं की एक जादा अलॉय आणि टायर घेऊन ठेवा, ४५,००० ला होतंय. बसवणार कुठं? छत उघडल्यावर या गाडीची डिकी १८० लिटर उरते. छत घडी होऊन डिकीतच बसतं, २५५ चं चाक त्यात टाकलं तर छत उघडायचंच नाही, आणि शेजारच्या सीटवर ठेवलं तर वहिनींना एसटीनं पाठवावं लागेल.

इन्शुरन्सबद्दल विचारलंत. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच टायर धरतात आणि तेही बदलायच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायर प्रोटेक्टचं ॲड-ऑन मिळतं, पण ते कट लागला, फुगा आला, फुटला यासाठी, पंक्चर काढायला नाही, आणि किती पैसे द्यायचे ते उरलेल्या नक्षीवर ठरवतात. नवीन टायरवर पहिली दोन वर्षं विचार करायला हरकत नाही. तुमचा ३५ टक्के नो क्लेम बोनस आहे, छोट्या क्लेमसाठी तो घालवू नका. रोडसाइड असिस्टन्स मात्र घ्याच, पॉलिसीच्या मध्येच ॲड-ऑन सहसा जोडून देत नाहीत म्हणून आता वेगळी वर्षाची मेंबरशिप घ्या, दीड हजार धरू, आणि फ्लॅटबेड मिळणार का, किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे दोनच प्रश्न फोन करून विचारा. चाक उचलून ओढत नेणारी क्रेन या गाडीला नको.

तर बेरीज: टायर ५२,०००, किट ६,०००, मेंबरशिप १,५००. झाले ५९,५००.

आता पैसे कुठनं. नो कॉस्ट ईएमआयमध्ये कॉस्ट असते, फक्त ती दुसऱ्या खिशातनं जाते. रोख दिले तर दुकानदार ६,००० कमी करतोय, ते गेले. शिवाय बँक आत व्याज दाखवतेच, १५ टक्के धरलं तर १,५२,००० च्या बारा हप्त्यांत साधारण साडेअकरा हजार, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, म्हणजे दोन हजाराच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळीच.

सीसी खात्याचं मला खरंच आवडलं नाही. बार आणि कास्टिंग असला कच्चा माल उचलायला बँकेनं दिलेला पैसा तो, त्यातनं स्वतःच्या गाडीचे टायर घेतले तर ती मालकानं घरच्या खर्चासाठी केलेली उचल झाली, तेवढ्या रकमेचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून धरता येत नाही. आणि बिल फर्मच्या नावानं घेतलं की जीएसटी सुटतो असं जो मित्र म्हणाला त्याला चहा पाजा आणि विषय बदला. रविवारी पन्हाळ्याला जायची गाडी वैयक्तिक वापराची, तिच्या टायरवर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही.

एफडी ३ लाखांची, ती जूनमधल्या मुलीच्या ॲडमिशनला लागली तर लागली, नाहीतर अडीअडचणीला. बचत खात्यात १,१०,००० आहेत. घरखर्च ४५,००० आणि होम लोनचा हप्ता २४,००० मिळून महिना ६९,०००, म्हणजे एफडी आणि बचत मिळून तुमच्याकडं सहा महिन्यांचं जेमतेम आहे. ५९,५०० बचतीतनं काढले तर पाच महिन्यांचं राहतं, एफडी शाबूत. १,५२,००० काढले तर चार महिन्यांचंही राहत नाही आणि एफडी मोडावी लागते, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. फाउंड्रीवाल्यांचं पेमेंट कसं ९० दिवसांचं १२० होतं ते मी तुम्हाला काय सांगू.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही गाडी १४ लाखांना घेतली, पण नवी असताना ती अर्ध्या कोटीच्या वरची होती. गाडीची किंमत उतरली, टायरची, ब्रेक पॅडची, सर्व्हिसची उतरली नाही. तुमच्याच आकड्यांवरून इन्शुरन्स ३६,०००, सर्व्हिस ४२,०००, चार टायरचे पाच वर्षांत ९२,००० म्हणजे वर्षाला १८,४००. महिन्याला आठ हजार होतात, किरकोळ धरून साडेआठ. हे वेगळ्या खात्यात टाकत जा, आरडी नको, कारण खर्च तारीख सांगून येत नाही. एसआयपी १५,००० जाऊन तुमच्याकडं सरासरी २१,००० उरतात, त्यातले ८,५०० गाडीला आणि १२,००० पाच महिने बचतीत परत भरा. दिवाळीच्या आत खड्डा बुजतो.

किट आलं की एकदा घरासमोर उघडून कॉम्प्रेसर लावून बघा, घाटात मोबाईलच्या उजेडात मॅन्युअल वाचायची पाळी नको. बाटलीवर एक्स्पायरी असते ती बघूनच घ्या. सीलंट नक्षीतल्या ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला चालतं, भिंत फाटली तर सरळ फ्लॅटबेड. वापरल्यावर ८० च्या आत चालवत लगेच पंक्चरवाल्याकडं, आणि आत सीलंट आहे हे त्याला आधी सांगा, नाहीतर उघडल्यावर शिव्या घालतोय.

राहता राहिलं वहिनींचं म्हणणं, की विकून टाका एकदाची. त्यावर आत्ता बोलत नाही. सहा महिने साडेआठ हजार खरंच बाजूला पडतात का बघू, दोन महिने जरी चुकले तर मला परत लिहा, मग वहिनींना पण कॉलवर घेऊ.