वाया गेलेली प्रुफेही आण

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले तिन्ही वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून काढलेले ठसे, मी खिडकीशी धरून, उजेड तिरपा पडेल अशा बेताने पाहिले. तुझ्या अमूर्त रंगचित्रांतला मोकळेपणा ठशात उतरत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. मात्र तू आधीच पूर्ण झालेले चित्र लाकडाकडून वदवून घेऊ पाहतोस, अडचण तिथे आहे.

अमेरिकन अमूर्त चित्रकार हेलन फ्रँकेन्थालर यांचा प्रवास या दृष्टीने बारकाईने पाहा. १९५२ मध्ये त्यांनी पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर ओतून तो कापडात मुरू दिला, आणि १९६१ मध्ये लाँग आयलंडवर तातियाना ग्रोसमन यांच्या कार्यशाळेत त्या लिथोग्राफीकडे, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्राकडे, वळल्या, तेव्हाही दगडावर शाई वाहू देता येत होती. लाकडावर तसे काही वाहत नाही. १९७३ च्या ‘ईस्ट अँड बियाँड’ या वुडकटसाठी त्यांनी करवतीने आकार सुटे कापले, असे तुकडे शेजारी ठेवून छापले की मध्ये पांढरी रेघ राहते, आणि ती त्यांना मुळीच नको होती, म्हणून ती टाळणारी छपाईची रीतच त्यांनी शोधून काढली. मला त्यांची खरी थोरवी या हट्टात दिसते. पुढे २००० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ‘मादाम बटरफ्लाय’ हा वुडकट झाला: ४६ ठोकळे, १०२ रंग, आणि पाहणाऱ्याला वाटावे की सारे एका दमात उमटले आहे.

आता तुझ्या दुसऱ्या ठशाविषयी. उजव्या कोपऱ्यात तू शाईचा रूळ इतका भरून फिरवला आहेस की लाकडाच्या शिरा शाईने बुजल्या आहेत, आणि निळा रंग तेलकट, मुका दिसतो. प्लायवुडवर तारेचा ब्रश शिरांच्या दिशेने फिरव, शाई रुळावर बारीक चरचर ऐकू येईल इतकीच घे, आणि कोरण्याआधी नुसत्या कोऱ्या फळीचा ठसा काढून पाहा. रंगांचा क्रम किमान चार वेळा बदलून पाहिल्याशिवाय आवृत्ती, म्हणजे एकसारख्या अंतिम ठशांचा संच, ठरवू नकोस. प्रत्येक प्रुफाच्या, म्हणजे चाचणी ठशाच्या, मागे क्रम आणि शाईचे मिश्रण पेन्सिलीने लिहून ठेव.

दिवाळीनंतर येशील तेव्हा फसली म्हणून बाजूला टाकलेली प्रुफेही घेऊन ये. मला आधी तीच पाहायची आहेत.

तुझा,
सर