फेसबुक सोडायचंय, पण दादाच्या कमेंटचं काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ६४ वर्षांचा, नाशिकच्या पंचवटीत राहतो. २००९ पासून फेसबुकवर आहे. आता वीट आलाय. अनोळखी लोकांचे रील आणि राजकारणावरची भांडणं बघता बघता सकाळचा चहा गार होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, दोन मिनिटांचं काम, डिलीट मारून टाकतो." पण दर पावसाळ्यात काढलेले दुतोंड्या मारुतीचे फोटो तिथेच आहेत, २०१९च्या पुराचेसुद्धा. गोदावरीतल्या या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, यावरच आम्ही पूर मोजतो. त्यांच्याखाली पुण्याहून थोरल्या भावाची कमेंट ठरलेली : "कुठवर आलं रे पाणी? कमरेला लागलं का?" दादा २०२१ मध्ये गेला. शिवाय गल्लीच्या रंगपंचमीच्या ग्रुपचा मी एकटाच ॲडमिन. काय करू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : काका, मुलाचा हात आधी धरा. काम दोन मिनिटांचंच आहे, पण ते सगळ्यात शेवटी करायचं.

माझंच सांगते. फेसबुकसारखंच जुनं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. आपलं सामान उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षं मुदत होती. मी आज करू, उद्या करू करत ती घालवली. कॉलेजातल्या मैत्रिणीने माझ्यावर चार ओळींचं टेस्टिमोनियल लिहिलं होतं. त्यातली एक ओळ आठवते, तीन आठवत नाहीत.

तेव्हा आधी सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या माहितीची प्रत मागवा. तारखांमध्ये सुरुवातीपासूनचा सगळा काळ निवडा, नाहीतर एखाद्याच वर्षाचं हाती यायचं. फोटोंची क्वालिटी 'हाय' ठेवा आणि फॉरमॅट एचटीएमएल. जेसन निवडलंत तर उघडल्यावर नुसते कंस दिसतील. फाइल तयार व्हायला वेळ लागतो, आणि आली की लगेच उतरवून घ्या, ती लिंक काही दिवसच चालते. मोबाइलवर नको, मुलाच्या लॅपटॉपवर घ्या.

दादांच्या कमेंटसाठी मात्र त्या फाइलवर विसंबू नका. तुमचं खातं गेलं की फोटो जातो आणि फोटोबरोबर त्याखालचं बोलणंही. एकेक फोटो उघडा आणि कमेंट दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. एका बैठकीत होणार नाही, करूही नका.

ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करा. तुमच्या गल्लीत एखादा उत्साही पोरगा असेलच. फेसबुकच्या लॉगिनने दुसरी कुठली ॲप उघडत असाल, तर तिथे ईमेल आणि पासवर्ड करून ठेवा. तुम्ही लोकांना पाठवलेले मेसेज मात्र त्यांच्या इनबॉक्समध्ये राहू शकतात, ते काही तुमच्या हातात नाही.

नुसतं डीॲक्टिव्हेट केलंत तर खातं झाकलं जातं, पुसलं जात नाही. पुन्हा लॉगिन केलं की जसंच्या तसं. कायमचं डिलीट करायला सांगितलंत तर ३० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात लॉगिन करून बेत रद्द करता येतो. त्यानंतर सगळा डेटा पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

म्हणून एक ऐका, हे काम दसऱ्यानंतर काढा. श्रावणात डिलीट केलंत, विसाव्या दिवशी गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला आणि होळकर पुलावरून कुणी काय टाकलंय ते बघायला तुम्ही लॉगिन केलंत, तर मुलाला सगळं पहिल्यापासून करावं लागेल.