तारकर्लीला सूर्यास्त पाहायला होडीने खाडीत कधी जावं?

सूर्यास्ताच्या तासभर आधी शेजारच्या देवबागहून कर्ली खाडीत निघा, आणि जमल्यास दिवस अष्टमीच्या आसपासचा निवडा. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि संध्याकाळी पाणी पार उतरतं; खाडीच्या मुखाजवळची वाळू उघडी पडली की होडीला लांबून वळसा पडतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून अष्टमीला ती संध्याकाळवर येते, शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असल्याने ओढही कमी. होडीवाल्याला खाडी समुद्राला मिळते त्या संगमापाशीच थांबायला सांगा, तिथे माड संपतात आणि पश्चिम मोकळी मिळते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेर सातला. पावसाळ्यात मात्र या फेऱ्या बंद असतात. जून ते ऑगस्ट बेत नको.