७५० सीएफएमचा कार्ब्युरेटर घेण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की हनुवंतियाच्या (म्हणजे इंदिरा सागर धरणाच्या) जलाशयावर चालवण्यासाठी घेतलेल्या जुन्या बोटीचे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर अडखळते आणि इंदुरातील मेकॅनिक ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा सोडणारा), म्हणजे आताच्यापेक्षा मोठा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बसवायला सांगत आहेत. हे वाचून राहवले नाही, कारण याच मापाच्या इंजिनाने आणि याच लक्षणाने मला फार छळले आहे. मी मरीन इंजिनिअर नाही. इंजिनाच्या मूळ पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा.

हिशेब सोपा आहे. इंजिनाचे लिटर गुणिले पाण्यावर प्रत्यक्ष मिळणारे कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले दोन, म्हणजे दर मिनिटाला लागणारी हवा लिटरमध्ये मिळते. साधे इंजिन त्यातली सुमारे ८५ टक्केच ओढते. ४६०० आरपीएम धरले तर ही हवा साधारण ११,१०० लिटर होते आणि २८.३ ने (एका घनफुटातले लिटर) भागल्यावर ३९५ सीएफएमच्या आसपास येते. मग ७५० कशासाठी? व्हेंच्युरी, म्हणजे कार्ब्युरेटरचा अरुंद गळा, गरजेपेक्षा रुंद असली की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही, त्याचे बारीक तुषार होत नाहीत आणि थ्रॉटल उघडताच इंजिन गुदमरते. आपला आजार मुळात हाच असेल, तर हा उपाय तो वाढवील. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ वाढेल तशा गरजेपुरत्या उघडणाऱ्या दुय्यम झडपांचा ६०० सीएफएमचा चार-बॅरल (हवेच्या चार नळ्यांचा) मरीन कार्ब्युरेटर मी निःशंकपणे सुचवीन. दोन-बॅरल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांचे सीएफएम दुप्पट व्हॅक्यूमवर मोजलेले असतात, त्यामुळे तुलना करताना छापील आकडा १.४१ ने भागावा लागतो.

मला सर्वांत महाग पडले ते सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीचे कार्यालय. मागणीपत्रात इंजिनाची क्षमता, कमाल आरपीएम आणि बोटीचा वापर हे सगळे स्पष्ट लिहिलेले असताना त्यांनी मोटारीसाठीचा ७५० पाठवला. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की बोल्टची छिद्रे जुळतात, म्हणजे भाग योग्य आहे, आणि पेट्रोल लागलेला भाग परत घेतला जात नाही. पैसे गेले, पावसाळ्यानंतरचा चांगला हंगाम पत्रव्यवहारात गेला. पण मला राग आहे तो धोक्याचा. मरीन कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणाऱ्या कप्प्याच्या, श्वासनळ्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, त्यामुळे फ्लोट अडकून पेट्रोल ओसंडले तरी ते कार्ब्युरेटरच्या घशात पडते. मोटारीच्या कार्ब्युरेटरमध्ये ही सोय नसते आणि थ्रॉटलच्या दांड्यापासूनही पेट्रोल बाहेर झिरपू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. ज्या कार्यालयाला हा फरक ठाऊक नाही किंवा ठाऊक असून सांगावासा वाटत नाही, त्याने बोटींचे भाग विकूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची, ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी) काढून मोटारीचा एअर फिल्टर लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मानू नका.

खरेदीपूर्वी टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर, तपासून घ्या आणि नेहमीचे वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलवर किती आरपीएम मिळतात ते पाहा. ते पुस्तिकेतील मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील तर दोष कार्ब्युरेटरचा नसून पाण्यातील पंख्याचा (प्रोपेलरचा) असू शकतो. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. शक्य असल्यास कार्ब्युरेटरखाली व्हॅक्यूम गेज जोडा. पूर्ण थ्रॉटलवर व्हॅक्यूम पाऱ्याच्या दीड इंचापेक्षा बराच जास्त दिसला, तरच कार्ब्युरेटर लहान पडतो आहे असे समजावे.

जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचे, काम इंदुरात उरकू नका. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि इंदिरा सागरची पूर्ण जलपातळी २६२ मीटर आहे. खाली हवा सुमारे तीन टक्के दाट असल्याने तेच मिश्रण तिथे पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ते आणखी पातळ करते. बोटीच्या इंजिनावर सतत चढावावरच्या गाडीइतका भार असतो, त्यामुळे पातळ मिश्रणाने पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. म्हणून जेट काठावरच बदला, काही मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर चालवून इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि स्पार्क प्लग काढून पाहा: त्याची चिनीमाती पांढरीफटक असेल तर जेट एक-दोन मापांनी मोठा हवा. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करण्यापूर्वी इंजिनाच्या कप्प्यातील ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, किमान चार मिनिटे चालवा.