ॲक्रिलिकमध्ये निसर्गचित्र काढताना हिरवा रंग नेहमी खोटा, प्लास्टिकसारखा दिसतो. रंग मिसळण्याचा सराव कसा करावा?

ट्यूबमधला तयार हिरवा महिनाभर बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळा, लेमन पिवळा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि पांढरा, एवढ्या ४ रंगांवरच काम करा. निळ्या-पिवळ्यातून आलेल्या हिरव्यात कणभर बर्न्ट सिएना घाला, त्याचा भडकपणा लगेच उतरतो. माझ्या मते निसर्गचित्राचं अर्धं गुपित इथेच आहे. काळ्याचीही गरज नाही: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून सावलीचा सुरेख गडद रंग होतो, त्यात पांढरा घातला की ढगांचा करडा.

मिसळताना फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबाने घाला. उलट केलंत तर रंग उगाच वाया जातो.

ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका जाड कागदावर लावा, वाळू द्या आणि शेजारी प्रमाण लिहा. हे कागद जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतात.

नंतर एकच डोंगररांग ५ थरांत रंगवा. मागे जाताना दर थरात थोडा निळा आणि पांढरा वाढवा. पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारत राहा, नाहीतर मिश्रण मध्येच सुकतं आणि तीच छटा पुन्हा जुळवणं खरंच कठीण जातं.