'आत जा' म्हणायला आत कुठे आहे?

प्रश्न : आम्ही भांडुपला चाळीत राहतो. सासूबाई रोज रात्री ९ ला नवरा-बायकोच्या भांडणांचा कार्यक्रम लावतात. दोघांना समोरासमोर बसवतात, मधे एक बाई प्रश्न विचारते. परवा आमचं दोघांचं लाइटबिलावरून जरा वाजलं, तर माझी ११ वर्षांची मुलगी म्हणाली, "आता तुम्हीपण तिकडे जाणार?" तिने हे बघावं का?

उत्तर : ताई, इतक्यात नको.

बांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी १९ वर्षं समुपदेशक होते. भांडणं मुलांना नवी नसतात. पण घरात ती मिटतानाही दिसतात. सकाळी फुरंगटलेला बाप संध्याकाळी मेथी निवडायला बसतो. टीव्हीवर नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

एक जोडपं आठवतं. पहिल्या चार भेटी नुसत्या कुकरवर गेल्या. तो तिने माहेरून आणलेला, याने परस्पर विकलेला. पाचव्या भेटीत तो खाली बघून पुटपुटला, "नोकरी गेली होती. सांगायची लाज वाटली." ती बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली. कॅमेऱ्यापुढे तो हे बोललाच नसता, आणि बोलला असता तर मागून ढणढण संगीत आलं असतं! १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. ते उगाच नाही.

केबलच्या १९९४ च्या नियमांतही आहे की, मुलं सर्वात जास्त बघतात त्या वेळी त्यांना न साजेसे कार्यक्रम दाखवू नयेत. आता रात्री ९ ला आपल्याकडची मुलं कुठे असतात? ताट घेऊन टीव्हीसमोर. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं ठीक आहे, दहा बाय बाराच्या खोलीत 'आत जा' म्हणायला आत कुठे असतं?

मुलगी पंधरा-सोळाची असती तर म्हटलं असतं, शेजारी बसून बघा आणि मारहाणीला 'घरातली कुरबुर' म्हटलं की तिथेच टोका.

तिच्या प्रश्नाला मात्र आजच उत्तर द्या, दोघांनी मिळून. "बिल जास्त आलं म्हणून चिडलो होतो, शनिवारी भरतोय," इतकं पुरे. जमल्यास भरायला तिलाच बरोबर न्या.

सासूबाईंचा रिमोट काढून घेऊ नका, घरात दुसरा कार्यक्रम सुरू होईल. असले कार्यक्रम बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतात. वेळ बघून ठेवा, लेक तेव्हा शाळेत असेल.