मान नेमकी कुणीकडे?

प्रश्न : लेकीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये थाळीफेक करणाऱ्या ग्रीक खेळाडूचा संगमरवरी पुतळा पाहिला. मायरन या प्राचीन ग्रीक शिल्पकाराच्या पुतळ्याची प्रतिकृती, असं कळलं. त्याचं तोंड जमिनीकडे आहे. घरी आल्यावर नातवाच्या पुस्तकात तोच पुतळा दिसला, पण मान थाळीकडे वळलेली! मायरनने दोन पुतळे केले होते का? खरा कुठला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरा एकही नाही. मायरनने थाळीफेक्या घडवला तो ब्रॉन्झमध्ये, इ.स.पू. ४५०च्या आसपास. तो केव्हाच नाहीसा झाला. तुम्ही लंडनला पाहिला तो आणि पुस्तकातला, दोन्ही रोमन काळातल्या नकला. पायामागे झाडाचा बुंधा दिसला असेल ना? तो नक्कल करणाऱ्यांचा. पोकळ ब्रॉन्झचा पुतळा एका पायावर तोल सांभाळतो. संगमरवरात तसं केलं तर घोट्यापाशी तुकडा पडायचा. म्हणून टेकू.

आता मान. लंडनचा पुतळा रोमजवळ तिवोलीला, सम्राट हेड्रियनच्या वाड्याच्या अवशेषांत १७९१च्या सुमारास मिळाला. डागडुजी करणाऱ्याने डोकं बसवताना दिशा चुकवली. पुढे चार्ल्स टाउनली या संग्राहकाने तो विकत घेतला आणि १८०५ साली त्याच्या संग्रहाबरोबर तो म्युझियमकडे आला. चूक तशीच राहिली. मी डागडुजीवाल्याला फार बोलणार नाही. शाळेत मातीकाम शिकवताना माझ्या हातून एका प्लास्टरच्या अर्धपुतळ्याची मान निखळली होती. मी घाईघाईने चिकटवली. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा कालपासून खिडकीबाहेर का बघतोय?"

पण चूक ती चूकच, आणि ती सिद्ध करायला साक्षीदार आहे. दुसऱ्या शतकातल्या ल्युशियन या लेखकाने हा पुतळा शब्दांत उतरवून ठेवलाय: फेकण्यासाठी वाकलेला, थाळी धरलेल्या हाताकडे मागे वळून बघणारा, गुडघा जरासा दुमडलेला. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर १७८१ साली सापडलेली नक्कल या वर्णनाला तंतोतंत जुळते. ती हिटलरने १९३८ साली विकत घेऊन म्युनिकला नेली होती. १९४८ साली ती इटलीत परतली. पुस्तकातला फोटो बहुधा तिचाच.

ल्युशियनवर विश्वास नसेल तर नातवाला हॉलमध्ये उभं करा. गुडघे वाकवून, उजव्या हातात स्टीलची ताटली देऊन हात मागे न्यायला सांगा. आधी त्याला फरशीकडे बघू द्या, मग ताटलीकडे. दुसऱ्या वेळी मानेपासून कंबरेपर्यंत पीळ भरलेला दिसेल. मायरनला तो पीळ हवा होता. चेहरा मात्र दोन्ही वेळा शांत. नातवाचा नव्हे, पुतळ्याचा! रोमन लेखक प्लिनीची हीच तक्रार होती, की मायरनला शरीरं जमली, मनातले भाव नाही जमले. केसही जुन्याच वळणाचे ठेवले म्हणे.

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर मायरनच्या देवी अथीना आणि अर्धपशू वनचर मार्सियस या जोडीची ख्याती होती. तिच्याही आज नकलाच आहेत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्राचीन लोकांत मायरनचं नाव या थाळीफेक्यापेक्षा जास्त गाजलं ते एका गाईमुळे. ब्रॉन्झची गाय, अथेन्समधली. तिच्यावर कवींनी तीसेक चुटकेवजा कविता रचल्या. कुणी म्हणतो, गुराखी तिला हाकायला धावला. कुणी म्हणतो, बैल फसला. गाय पुढे रोमला गेली आणि तिथून नाहीशी झाली. माझी आवडती कविता वासरावरची. वासरू येऊन ढुशा देतं, तेव्हा गाय त्याला म्हणते, बाळा, आचळांशी कशाला झटतोस, घडवणाऱ्याने त्यात दूध घातलेलं नाही.